दोन काँक्रीट, एक बीम: मधला सांधा काय करतो?

दोनशे पानी वही दोन्ही टोकांना धरून वाकवून बघा. पानं एकमेकांवरून सरकतात, कड तिरपी होते. तीच पानं डिंकाने चिकटवली तर वही पुठ्ठ्यासारखी ताठ होईल. हे जे आतल्या आत सरकवणारं बल असतं ना, ते शिअर. माझी पीएचडी सध्या त्याच्याभोवतीच फिरतेय.

फ्लायओव्हरचं काम तुम्ही पाहिलं असेल. गर्डर आधी यार्डात ओततात, क्रेनने खांबांवर ठेवतात आणि वरचा स्लॅब नंतर जागेवर ओततात. एक काँक्रीट जुनं, एक ताजं. पण दोन्ही मिळून एकच बीम म्हणून वागतील असं डिझाइनमध्ये धरलेलं असतं. हे धरणं किती मोलाचं? एकसारख्या दोन फळ्या नुसत्या एकमेकींवर ठेवण्याऐवजी घट्ट जोडल्या, तर ताठपणा चौपट आणि ताकद दुप्पट होते. सांधा सरकला की हा फायदा गेला.

सांध्याला धरून कोण ठेवतं? थोडी सिमेंटची चिकटण, पण ती ठिसूळ. खरं काम गर्डरच्या डोक्यातून वर आलेल्या रिंगांचं. खडबडीत पृष्ठभाग सरकू लागला की उंचवटे एकमेकांवर चढतात आणि फट किंचित उघडते. त्यामुळे रिंगा ताणल्या जातात आणि दोन्ही काँक्रीट एकमेकांवर आवळतात. दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे सरकण्याचा प्रयत्नच सरकणं अडवतो! मला हे अजूनही भारी वाटतं.

पण त्यासाठी पृष्ठभाग खडबडीत हवा. अमेरिकेच्या एसीआय संहितेत सुमारे 6 मिलिमीटर खडबडीत केलेल्या सांध्याला घर्षणाचा गुणांक 1.0 मिळतो, तसाच सोडलेल्याला 0.6. सळया तेवढ्याच, हिशेबातली ताकद 40 टक्क्यांनी कमी. साइटवर हा फरक कशाने पडतो? काँक्रीट ओलं असताना त्यावर ब्रश फिरवला का, आणि स्लॅबआधी धूळ नि सिमेंटची वाळलेली साय घासून काढली का. ड्रॉइंगवर याची जेमतेम एक ओळ असते, आणि स्लॅब पडल्यावर आत डोकावता येत नाही.

वाकून मोडणारा बीम बहुधा आधी झुकतो, भेगा दाखवतो. शिअर एवढी सवड देत नाही. 1955 साली ओहायोतल्या शेल्बी इथे हवाई दलाच्या गोदामाच्या छताचा भाग कोसळला. बीम जिथे तुटले तिथे रिंगाच नव्हत्या. ते बीम दोन टप्प्यांत ओतलेले नव्हते, पण त्यानंतर अमेरिकेतले शिअरचे नियम कडक झाले.

म्हणूनच लॅबमध्ये बीमवर भार चढवताना माझी नजर वरच्या भेगांपेक्षा सांध्यावर लावलेल्या सेन्सरकडे असते. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी सरकणसुद्धा मी वहीत लिहून ठेवते.