नदीकाठचे घर व पुराची खूण

कृष्णाकाठची जमीन कसदार व पाणी हाताशी. म्हणून मळ्यातच घर बांधून राहावे असे शेतकऱ्यास वाटणे साहजिक आहे. परंतु जी नदी गाळ आणून रान पिकविते, तीच एखाद्या पावसाळ्यात उंबरठा ओलांडते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांवर गेले. अशा पुरापुढे तीन फुटांचे जोते पुरे पडत नाही.

म्हणून आराखड्यापूर्वी जागा पाहावी. निळी पूररेषा सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखविते. निळ्या रेषेच्या आत राहते घर बांधू नये. तेथे पीक घ्यावे. दोन्ही रेषांमधील जागेत परवानगी घेऊनच बांधकाम करावे आणि २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांच्या खुणा वडीलधाऱ्यांकडून समजून घ्याव्यात.

घराची अरुंद बाजू प्रवाहाकडे असावी. मातीच्या भिंती पाणी मुरून खचतात व कित्येकदा पूर ओसरल्यावर ढासळतात. सबब भाजक्या विटा व सिमेंट वापरावे. काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत न्यावा. दारे घट्ट लावून पाणी अडविण्याचा खटाटोप करू नये. बाहेर चार फूट पाणी व आत कोरडे असल्यास भिंतीच्या दर फूट लांबीवर सुमारे २२५ किलो भार पडतो. समोरासमोरील झडपांतून पाणी आत-बाहेर खेळते राहिल्यास हा भार कमी होतो.

धान्य, बियाणे व कागदपत्रे यांसाठी पुराच्या खुणेहून उंच पक्का माळा असावा आणि तेथे जाणारा जिना बाहेरून असावा. विजेची बटणेही त्या खुणेच्या वरच बसवावीत.

तथापि माळा हा मुक्कामाचा आसरा नव्हे. इशारा मिळताच मुले, वृद्ध व आजारी माणसे प्रथम उंचवट्यावर न्यावीत. जनावरे दाव्याला बांधून ठेवू नयेत. ग्रामसेवकांनी प्रत्येक वस्तीत पुराची सर्वोच्च खूण ठळक रंगवून घ्यावी. नवे घर बांधणाऱ्याने गवंड्यास बोलावण्यापूर्वी ती खूण पाहावी, यातच कुटुंबाचे हित आहे.