शिष्य कीं अनुयायी?

इंग्रजी वाचतांना ‘डिसायपल’ हा शब्द आला, कीं आपण त्याचा अर्थ ‘अनुयायी’ असा लावून पुढें जातों. एखाद्या पंथाच्या, पक्षाच्या वा महात्म्याच्या मागून जाणारा तो डिसायपल. आजच्या वापरांत हा अर्थ बरोबरही आहे. परंतु शब्दाचें मूळ पाहिलें तर त्यांत मागून जाणें कोठेंच नाहीं.

लॅटिन भाषेंत ‘शिकणें’ ह्या अर्थाचा ‘डिस्केरे’ असा धातु आहे. त्याच्याच कुळांतला ‘डिस्किपुलुस’ म्हणजे शिकणारा, विद्यार्थी. ‘डिसिप्लिन’ हा त्याचाच भाऊबंद. आज आपण त्याला शिस्त म्हणतों, पण त्याचा मूळ अर्थ शिकवण. येशू ख्रिस्ताच्या शिष्यांना ग्रीक शुभवर्तमानांत ‘माथेतेस’, म्हणजे शिकणारा, असेंच म्हटलें आहे. लॅटिन भाषांतरांत त्या जागीं ‘डिस्किपुलुस’ आला व तेथून तो इंग्रजींत उतरला. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रज भाषांतरकारांनीं तर ‘शिकणारा पोरगा’ अशा अर्थाचा घरगुती शब्द योजिला होता. पुढें हे शिष्य धर्मसंस्थापकाचे अनुयायी म्हणूनच लोकांच्या ध्यानांत राहिले आणि शिकण्याचा अर्थ मागें पडला.

आपल्याकडे ह्या दोन कल्पनांना दोन वेगळे शब्द आहेत. ‘शास्’ म्हणजे शिकविणें, आज्ञा करणें. ज्याला शिकवावयाचें तो शिष्य. मागून जातो तो अनुयायी. शब्द वेगळे असूनही व्यवहारांत आपण त्यांची गल्लत करितों. गुरूची हुबेहूब नक्कल करणारा तोच खरा शिष्य, असें समजणारीं घरें थोडीं नाहींत.

ह्या भेदाचें उत्तम उदाहरण नरसोबाच्या वाडीशेजारच्या कुरुंदवाडनें दिलें आहे. कीर्तनकार दिगंबरबुवा पलुसकरांचे चिरंजीव विष्णु हे १८७२ सालीं येथें जन्मले. लहानपणीं शोभेच्या दारूनें त्यांच्या दृष्टीस इजा झाली, शालेय शिक्षण अडलें, आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकूं लागले. बाळकृष्णबुवांनीं स्वतः ग्वाल्हेरची गायकी कष्टानें मिळवून महाराष्ट्रांत आणिली होती. गुरुगृहींची शिस्त विष्णुपंतांनीं वर्षानुवर्षें पाळली. आणि मग १८९६ मध्यें ते मिरज सोडून उत्तरेकडे गेले.

केवळ अनुयायी असते, तर गुरूंची पद्धत त्यांनीं जशीच्या तशी चालविली असती. त्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें. वर्गांत गाणें शिकविणें, क्रमिक पुस्तकें, स्वरलिपी, परीक्षा ही सारी रीत गुरुगृहींची नव्हे. गायकी मात्र गुरूंचीच होती. शिवाय कांहीं विद्यार्थ्यांना त्यांनीं आपल्याच आश्रयाखालीं ठेवून जुन्या अंतेवासीपणाचाही लाभ दिला. त्यांनीं पुढें गांवोगांव जाऊन विद्या पसरावी हा हेतु.

आणि हे विद्यार्थी तरी एका सांच्याचे निघाले काय? ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सर्व त्यांचेच शिष्य. पण ओंकारनाथांचें भावदर्शी गाणें आणि विनायकरावांचें शिस्तबद्ध गाणें सहज निराळें ओळखूं येतें. देवधरांनीं तर इतर घराण्यांच्या गवयांकडूनही विद्या गोळा केली, आणि त्यांच्या हाताखालीं तयार झालेले कुमार गंधर्व आणखी वेगळ्या वाटेनें गेले. तरीही १९३१ मध्यें विष्णु दिगंबर निवर्तले तेव्हां त्यांचें कार्य चालविण्याकरितां गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें तें ह्या शिष्यवर्गानेंच.

शुभवर्तमानांतील त्या बारा शिष्यांना ‘अपॉसल’ असेंही दुसरें नांव आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पाठविलेला’. आधीं शिकणारा, मग पाठविलेला, असा हा क्रम आहे. आपल्या मुलांना गाण्यास, शास्त्रास वा कोणत्याही विद्येस गुरूच्या स्वाधीन करितांना वडीलधाऱ्यांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा. मूल गुरूसारखें दिसूं लागलें एवढ्यावर संतोष मानूं नये. गुरूपासून दूर गेल्यावर त्याच्यापाशीं स्वतःचें म्हणून काय उरतें, हें पाहावें, असें आम्हांस वाटतें.