पाऊस कोठें किती पडला?

पुण्यांत काल किती पाऊस झाला हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों तेव्हां तो आंकडा बहुधा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो. तो आंकडा खोटा नसतो. परंतु तो सगळ्या पुण्याचाही नसतो. या दोहोंतील अंतर कधीं कधीं माणसाच्या जिवावर बेततें, म्हणून त्याविषयीं आज थोडें सांगणार आहें.

सायमन्सच्या नांवानें ओळखला जाणारा जुना पर्जन्यमापक आपणांपैकीं कांहींनीं शाळेच्या अंगणांत पाहिला असेल. त्याचें तोंड पांच इंच व्यासाचें, म्हणजे वीतभरही नाहीं. तेवढ्या तोंडांत पडलेलें पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजावयाचें आणि त्यावरून आसपासच्या मुलुखाचा अदमास बांधावयाचा. चार महिन्यांची बेरीज करावयाची असेल तर हा अदमास बराच विश्वसनीय ठरतो, कारण आजची तूट उद्यां भरून निघते. एका रात्रीच्या मुसळधारेस मात्र हा न्याय लागू पडत नाहीं. गडगडाट करीत येणारा ढग कित्येकदां पांचदहा किलोमीटरांच्या टापूंतच रिता होतो; पर्जन्यमापक त्या टापूबाहेर असला तर त्याच्या लेखीं तो पाऊस झालाच नाहीं.

मुंबईकर श्रोत्यांना याचें उदाहरण सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच काळांत कुलाब्याची नोंद अवघी ७३. शहर एकच, आणि दोन वेधशाळांमधील अंतर पंचवीस किलोमीटरांहूनही कमी. एकटें कुलाब्याचेंच ठाणें असतें तर त्या दिवसाची नोंद ‘जोराचा पाऊस’ एवढीच राहिली असती.

आम्हां कात्रजकरांच्या माथ्यावर तर डोंगरच आहे. कात्रजचा घाट म्हणजे दोन पाणलोटांमधील आढें. उत्तरेकडील उताराचें पाणी पेशवेकालीन तलावांत येतें व तेथून आंबील ओढ्यानें मुठेस मिळतें. दक्षिणेकडील उताराचें शिवगंगेच्या खोऱ्यांतून नीरेकडे जातें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं या दोन्ही अंगांस पावसानें कहर केला. तलाव भरून वाहूं लागला. ओढ्याचें पाणी सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांतील वस्तींत शिरलें. आणि घाटापलीकडे खेड-शिवापुरासही माणसें वाहून गेलीं. शहर व परिसर मिळून वीसांहून अधिक जीव गेले.

शाळेंतील गणितानेंच पाहूं. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी झालें. समजा, दहा चौरस किलोमीटरांच्या उतारावर दोन तासांत शंभर मिलिमीटर पडला, तर तें पाणी शंभर कोटी लिटर होईल. त्यांतील कांहीं जमिनींत मुरेल. परंतु भाद्रपदाअखेरीस माती बहुधा आधींच तृप्त झालेली असते, आणि सिमेंटचे रस्ते तर थेंबभरही पीत नाहींत. आंबील ओढ्याची वाट जेमतेम दहाबारा किलोमीटरांची. दिवसांतून एकदां घेतलेलें माप येथें उपयोगाचें नाहीं. डोंगरमाथ्यावरच ठाणें हवें, आणि त्याची वार्ता दर पांचदहा मिनिटांनीं खालीं पोंचावयास हवी.

अशीं स्वयंचलित ठाणीं आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. ‘महावेध’ या योजनेंत राज्य शासनानें २०१७ पासून दर महसूल मंडळास एक याप्रमाणें दोन हजारांहून अधिक केंद्रें उभारविलीं. शेतीचा सल्ला व पीकविमा यांकरितां ही रचना योग्यच आहे. पण ओढ्याला महसूल मंडळाची हद्द ठाऊक नसते. शहरावर येणारा पूर जेथें जन्म घेतो, तेथील ठाण्यांचा विचार निराळाच केला पाहिजे.

या यंत्रांत बहुधा तराजूसारखी दोन पळ्यांची झुलती जोडी असते. एक पळी भरली कीं कलंडते व दुसरी पुढें येते. किती वेळां कलंडली यावरून पाऊस मोजतात. नळींत पान अडकलें तर यंत्र भर पावसांत मुकाट्यानें शून्य लिहीत बसतें. शिवाय अतिवृष्टींत पळी कलंडतांना थोडें पाणी न मोजतांच निसटतें; म्हणजे ज्या पावसासाठीं यंत्र बसविलें, त्याच पावसांत तें कमी बोलतें! म्हणून शेजारीं साधा पर्जन्यमापक ठेवून ताळा पाहत राहावें लागतें. यंत्र बसविण्याचा समारंभ होतो. तें पुसण्याचा झालेला मीं तरी पाहिला नाहीं.

पुराच्या सूचनेसाठीं असें दाट जाळें लागतें. हवामान पालटत आहे कीं नाहीं हें ठरविण्यास मात्र लांब वही लागते. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें व पुढें १९४४ सालीं दिल्लीस गेलें. पुणेकरांच्या तोंडीं ‘सिमला ऑफिस’ हें नांव राहिलें तें यामुळेंच. देशभरच्या जुन्या नोंदी अद्याप पुण्यांत सांभाळल्या जातात. त्यांचें मोल केवढें आहे, हें पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेंतील डॉ. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं दाखविलें. मध्य भारतांतील १९५१ ते २००० या वर्षांच्या रोजच्या नोंदी तपासल्यावर पावसाळ्याच्या एकूण पावसांत म्हणण्याजोगा फरक दिसेना. पण मध्यम पावसाचे प्रसंग घटत चालले होते आणि अतिवृष्टीचे प्रसंग वाढत होते. नुसत्या वार्षिक बेरजा जपल्या असत्या तर हें कोणाच्याही ध्यानांत आलें नसतें.

यासाठीं जुनें ठाणें शक्यतों हलवूं नये. हलवावेंच लागलें तर जुनें व नवें कांहीं काळ शेजोळीनें चालवून दोहोंतील फरक मोजून ठेवावा. हवामानाची सरासरी निदान तीस वर्षांची धरतात. आज घाटांत बसविलेल्या यंत्राची वही त्या कामीं यावयास तितकाच काळ जाईल.

शाळांना किंवा मोकळें अंगण असलेल्या घरांना पर्जन्यमापक ठेवणें कठीण नाहीं. भिंत अथवा झाड जितकें उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो ठेवावा, तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच व समतल असावें, आणि माप रोज सकाळीं साडेआठलाच घ्यावें. कोरड्या दिवशीं रकाना मोकळा सोडूं नये. तेथें शून्य लिहावें. घरचीं माणसें परगांवीं गेल्यामुळें माप घेतां आलें नसेल तर शून्य न लिहितां तसें शब्दांत लिहावें.