भाताचा करपा आणि मुळ्याचे प्रथिन

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर जिल्ह्यात, पापनाशम हे गाव आहे. तेथील पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या अमदानीत, सतराव्या शतकात, बांधलेले विटांचे धान्यकोठार आहे. भात हेच या मुलखाचे धन होय. परंतु कोठारात पोचण्यापूर्वीच हे धन लुटणारा एक सूक्ष्म शत्रू शेतात वावरतो. महाराष्ट्रातील शेतकरी या रोगास ‘करपा’ म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९१८ साली तंजावरच्याच परिसरात झाली.

करपा हा मॅग्नापोर्थे ओरायझी नावाच्या बुरशीमुळे होतो. तिचा बीजकण दवाने ओल्या झालेल्या पानास चिकटतो व रुजतो. पुढे त्याच्या टोकाशी एक घुमटाकार पेशी तयार होते. तिच्यातील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ८० पट होतो आणि त्या जोरावर बुरशी पानाची त्वचा भेदून आत शिरते. पानावर होडीच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेस तपकिरी असे डाग पडतात. रोग लोंबीच्या मानेस जडला तर दाणे पोचट राहतात. बुरशीनाशक औषधे उपयोगी पडतात खरी. पण त्यांचा खर्च पडतो, आणि एकच औषध वारंवार वापरल्यास त्यास दाद न देणारी बुरशी उत्पन्न होऊ शकते.

वनस्पतींनाही आत्मरक्षणाची साधने असतात. ‘डिफेन्सिन’ ही लहान प्रथिने त्यांपैकी एक होत. बेल्जममधील लूव्हेन येथील संशोधकांनी १९९२ साली मुळ्याच्या बियांतून अशी दोन प्रथिने वेगळी केली. प्रत्येकात ५१ अमिनो आम्लांची साखळी असून चार गंधक-बंधांनी ती घट्ट बांधलेली असते. दोन्ही साखळ्यांत फरक अवघ्या दोन ठिकाणी आहे. तरीही दुसरे प्रथिन पहिल्याहून अधिक प्रभावी ठरते. एवढ्याशा फरकाने गुण पालटतो, तर तो फरक माणसाला मुद्दाम घडविता येणार नाही काय?

त्यासाठी प्रथिनाची कार्यपद्धती जाणली पाहिजे. बुरशीच्या पेशीपटलात ग्लुकोसिलसेरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. मुळ्याचे हे प्रथिन त्यास जाऊन चिकटते. मग कॅल्शियम पेशीत शिरते, पोटॅशियम बाहेर पडते आणि बुरशीची वाढ खुंटते. वनस्पतींच्या व मनुष्याच्या पेशींतील ग्लुकोसिलसेरामाइडाची घडण निराळी असल्याने ते त्यास चिकटत नाही. मात्र भोवती क्षार अधिक असले की प्रथिनाचा प्रभाव मंदावतो. १९९७ साली संशोधकांनी साखळीतील नवव्या स्थानी ग्लायसिनाऐवजी आर्जिनिन घातले. दुसऱ्या एका नमुन्यात ३९ व्या स्थानी व्हॅलिनाच्या जागी तेच योजिले. आर्जिनिन धनविद्युत्भारित असते. हे दोन्ही नमुने, विशेषतः क्षारयुक्त द्रवात, मूळ प्रथिनाहून सरस ठरले.

भातासाठी या ज्ञानाचा उपयोग भारतातही पारखला गेला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संजय झा व भरत छत्तू यांनी मुळ्याच्या या डिफेन्सिनाचे जनुक भाताच्या रोपांत घातले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा रोपांत करप्याच्या बुरशीची वाढ ७७ टक्क्यांनी रोखली गेली. पर्णकोष करपा घडविणाऱ्या दुसऱ्या बुरशीच्या बाबतीत हा आकडा ४५ टक्के होता. एकच ढाल सर्व शत्रूंना सारखी पुरत नाही, हेच यावरून दिसते.

मनुष्याच्या रोगांतही हाच मार्ग चोखाळला जात आहे. आपल्या लाळेतील हिस्टॅटिन-५ हे २४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड तोंडातील कँडिडा बुरशीस मारते. पण ती बुरशीही आपल्या विकरांनी त्याचे तुकडे करते. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात सतराव्या स्थानावरील लायसिन बदलून पाहिले, तेव्हा ते तुकडे होण्याचे प्रमाण घटले.

प्रयोगशाळेतील यश म्हणजे शेतातील यश नव्हे. असे भात वाऱ्यापावसात टिकते काय, त्याचा दाणा निर्धोक आहे काय, आणि बुरशी त्यावरही मात करील काय, हे पारखावे लागते. तोवर रोगप्रतिकारक वाण, निरोगी बियाणे व नत्रखताचा बेताचा वापर हेच शेतकऱ्याचे खरे आधार होत.