पाखराशी खेळ, पण पाखराच्या मर्जीने

भिवंडीत माणसालाच मोकळी जागा कमी, तिथे पाखराला कुठली मिळणार? तरीही शांतीनगर असो, कामतघर असो की पद्मानगर, दारावरच्या खिळ्याला टांगलेला पिंजरा कुठे ना कुठे दिसतोच. आत चिमणीएवढी हिरवी-पिवळी किंवा निळी जोडी. बाजारात तिला ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने जाड आणि चोचीने जबर. आपल्या घरी येतात ते बहुधा बजरीगर, म्हणजेच बजी, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पोरांच्या हट्टापायी बाप पगाराच्या दिवशी जोडी आणतो. पोरे चार दिवस पिंजऱ्याभोवती नाचतात. पाचव्या दिवसापासून पाखरू भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे होते. आहे तिथे आहे, बघत कुणी नाही.

आमचे म्हणणे असे की, पाखरू घरी आणलेच आहे तर त्याच्याशी रोज थोडा वेळ खेळले पाहिजे. बजी थव्याने राहणारा पक्षी आहे. एकटा आणि रिकामा बसवला तर तो सुस्तावतो, तासन्तास दांडीवर इकडून तिकडे करतो. पोपटाच्या जातीतली कित्येक पाखरे तर कंटाळून स्वतःचीच पिसे उपटतात.

पण खेळ म्हणजे पाखराला मुठीत धरून पोरांनी फिरवणे नव्हे. पाखराला शिकवतात कसे, हे ज्याला पक्के ठाऊक आहे तो माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो म्हणजे पोपटवाला ज्योतिषी! बाजारच्या कडेला, एस. टी. स्थानकाजवळ फडके अंथरून बसलेला. पोपट पिंजऱ्याबाहेर येतो, ओळीतले एक पाकीट चोचीने ओढतो, दाणा घेतो आणि मुकाट आत जातो. लगेच आपल्या माय-बहिणीला सांगितले जाते की घरावर साडेसाती आहे. अहो, त्या पोपटाला ना साडेसाती ठाऊक, ना तुमचे नाव. पाकीट ओढले की दाणा मिळतो, एवढेच त्याला कळते. पाकिटात लिहिलेले असते ते कोणालाही लागू पडावे असे: पैसा येतो पण टिकत नाही, जवळचा माणूस दगा देतो. पोपट हुशार आहे यात शंका नाही. त्याच्या हुशारीवर पैसे दुसराच कमावतो आणि खिसा आपला रिकामा होतो. पोपटाचे पंख बहुधा कापलेले असतात, हे वेगळेच.

शिवाय हा आपला हिरवा कंठवाला पोपट घरी ठेवणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मुनिया, मैना, सुगरण या देशी रानपाखरांचेही तसेच. पूर्वी उत्तर हिंदुस्थानात सुगरण पक्ष्याला विहिरीत टाकलेली अंगठी पाण्याला टेकायच्या आत झेलून आणायला शिकवीत असत. कसब मोठे, पण आता ती पाखरे झाडावरच राहू द्यावीत. कोणाच्या घरी पोपट असेल तर त्याला घाईने खिडकीतून सोडू नये. पंख कापलेल्या पोपटाला कावळे आणि मांजरे टिकू देत नाहीत. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावे.

बजी मात्र पिंजऱ्यातच पैदास झालेला पक्षी, त्याला ही बंदी नाही. आता त्याला शिकवायचे कसे?

पहिले चार-पाच दिवस काही करू नये. पिंजऱ्याजवळ बसून हळू बोलावे, बस्स. मग तळहातावर थोडे राळे घेऊन (दुकानात कांगणी म्हणून मिळतात) हात पिंजऱ्यात स्थिर धरावा. पहिल्या दिवशी पाखरू कोपऱ्यात दबून बसेल. आठवडाही लागेल. पण एकदा ते हातावरचे दाणे टिपू लागले की पुढचे काम सोपे. बोट त्याच्या पायांच्या वर, पोटाला हलकेच टेकवून ‘ये’ म्हणावे. ते बोटावर चढले की लगेच दाणा. शब्द तोच आणि आवाजही तोच ठेवावा. पाखरू अंग चोरू लागले, पिसे घट्ट आवळून मागे झुकले की त्या दिवसाचा खेळ संपला. हे पोरांनी समजून घेणे सर्वांत अवघड, कारण पोरांना अजून खेळायचे असते! एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत.

खेळणी विकत घ्यायची गरज नाही. प्लास्टिकची मोठी बांगडी उभी धरली की त्यातून पलीकडच्या दाण्याकडे जायला बजी शिकतो. टेबल टेनिसचा हलका चेंडू ढकलतो. वाटीत कागदाचे तुकडे भरून खाली दाणे लपवले की एकेक कागद उचलून बाहेर फेकतो. टेबलावर बाटलीचे झाकण ठेवले तर ढकलत ढकलत कडेवरून खाली पाडतो आणि मान वाकडी करून बघतो. पोरगे उचलून देते, तो पुन्हा पाडतो. इथे कोण कोणाला खेळवते, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

आवाजाचा खेळ आणखी गमतीचा. चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांची जागा निळी असेल तर बहुधा नर, तपकिरी असेल तर मादी. नर जास्त बोलका. एकच शीळ रोज वाजवली तर काही दिवसांनी ती तुम्हाला परत ऐकू येईल. अमेरिकेतला पक नावाचा बजी १,७२८ शब्द बोलत असे, अशी गिनीजच्या विक्रमांत नोंद आहे. तो १९९४ साली वारला. तिथल्याच स्नोबॉल नावाच्या काकाकुव्यावर २००९ साली शास्त्रज्ञांनी लेख प्रसिद्ध केला. गाणे जलद केले की तो जलद नाचे, सावकाश केले की पाऊलही सावकाश पडे.

गच्चीवरच्या कबुतरांचा खेळ वेगळा. थवा उडवायचा, काठीला फडके बांधून त्याला वर ठेवायचे, शेजारचे एखादे कबुतर आपल्या थव्यात सामील झाले की ज्वारी दाखवून उतरवून घ्यायचे. कबुतराला आपले घर ओळखता येते, त्यावरच हा खेळ उभा आहे. पण त्यावर पैजा लागतात, भांडणे होतात, म्हणून आम्ही त्याची शिफारस करणार नाही. दुसरे कारण आरोग्याचे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. मुंबईतले कबुतरखाने २०२५ साली बंद करण्यात आले ते याच कारणाने. लूमवर काम करणाऱ्याच्या छातीत कापसाची धूळ आधीच जाते. तेव्हा बजीचा पिंजराही कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा, नंतर साबणाने हात धुवावेत. घरात दम्याचा माणूस असेल तर पाखरू आणूच नये.

आणि सूत! भिवंडीत घरोघर सुताचे धागे सापडतात. कारखान्यातून आणलेला कागदी कोन बजीला फार आवडतो, आत डोकावून बघतो, कुरतडतो. मात्र त्यावरचा धागा शेवटच्या टोकापर्यंत काढलेला असला पाहिजे. पायाला गुंडाळलेला एक बारीक धागा रक्त अडवतो आणि बोट झडते. नाक्यावर लंगडणारी, बोटे तुटलेली कबुतरे दिसतात, त्यातल्या कित्येकांचे दुखणे हेच. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याचेही तसेच.

पाखरू बाहेर सोडण्याआधी पंखा बंद, खिडकी बंद, स्टोव्ह किंवा गॅस बंद, पाण्याची बादली झाकलेली. डासांची अगरबत्ती त्या खोलीत नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पाखरू काही मिनिटांत मरते, म्हणून त्या भांड्यापासून पिंजरा लांबच असावा.

एका खोलीत रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असतो, त्यामुळे खेळाची वेळ ठरवावी लागते. पोरे शाळेतून आल्यावर, दिवे लागायच्या आधीची वेळ बरी. बजीला दहा-बारा तास अंधार आणि झोप लागते. जेवणे होऊन टीव्ही सुरू झाला की पिंजऱ्यावर जुन्या सुती साडीचे फडके टाकावे, हवेसाठी एक बाजू उघडी ठेवून.