बोलणी बंद, याद्या चालू

"पाकिस्तानशी आता आपला कसलाच संबंध नाही, सगळं बंद!" पहलगामच्या हल्ल्यापासून हे वाक्य टीव्हीवरच्या चर्चेत, लोकलच्या डब्यात, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. ते साफ चूक आहे.

मे २०२५ मध्ये दोन्ही देशांची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन एकमेकांवर सुटत होते. १० मेला मारा थांबला. दोन महिनेही झाले नव्हते, तोच १ जुलैला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. परराष्ट्र मंत्रालयाचं त्या दिवसाचं निवेदनच पाहा: पाकिस्ताननं भारताचे ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार कळवले, भारतानं पाकिस्तानचे ३८२ आणि ८१. २००८च्या करारानुसार हे दर १ जानेवारी आणि १ जुलैला होतं. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, या करारानुसार त्या प्रकल्पांच्या याद्याही १९९२पासून दर १ जानेवारीला दिल्या जातात. त्यात ना कारगिलनं खंड पडला, ना मुंबईवरच्या हल्ल्यानं, ना पुलवामानं. अशा प्रकल्पावर बॉम्ब पडला, तर किरणोत्सर्ग सीमा पाहून थांबणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

मग वैराची झळ बसतच नाही?

बसते, आणि चांगलीच बसते. ठरल्या तारखेला होणारं कागदी काम टिकतं. ज्याला व्हिसा, बैठक आणि दोन्हीकडची इच्छा लागते, ते आधी अडतं. कैद्यांना तुरुंगात जाऊन भेटणारी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २०१३ मध्ये शेवटची भेटीला गेली होती. तेव्हापासून ते काम ठप्प आहे. याद्या येत राहतात, यादीतली माणसं सुटायला वर्षं जातात. शिक्षा भोगून झालेल्या १५९ भारतीयांची सुटका लवकर करा, असं भारताला त्याच १ जुलैला सांगावं लागलं. सर क्रीकपाशी समुद्रातली हद्दच ठरलेली नाही, त्यामुळे बोटी नकळत पलीकडे जातात आणि मच्छीमार पकडले जातात; ओखा-पोरबंदरच्या या बोटींवर पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीचे खलाशी असतात.

अशीच आणखी काही चुकीची वाक्यं कानावर येतात. "सिंधू पाणीवाटप करार रद्द झाला." नाही, एप्रिल २०२५पासून स्थगित आहे; तरीही ऑगस्टमध्ये तावी नदीच्या पुराचा इशारा भारतानं उच्चायुक्तालयामार्फत दिलाच.

"करारात सगळं पाणी त्यांना दिलं." नाही. रावी, बियास, सतलज भारताच्या वाट्याला आल्या.

"सार्क चालू आहेच की!" या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली.

सगळंच बंद आहे असं मानलं, की मच्छीमारांसाठी कुणी काही मागतच नाही. न्यायाधीशांची समिती पुन्हा कामाला लावा, ही मागणी पालघरच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत लावून धरायला हवी.