प्लेटांवरची धूळ

सोलर पंपाच्या प्लेटा उजाडताच धुवाव्यात. पारोळा तालुक्यातल्या एका शेतावर हे काम आधी पाहिलं, मग स्वतः केलं. ऊन चढलं की काच तापते आणि तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकण्याची भीती असते.

आधी पाणी, मग मऊ फडकं. कोरडं फडकं फिरवायचं नाही, कारण धुळीतले गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात, ओरखडे काढतात. ही धूळ इथलीच. खानदेशाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याचं जवळपास निम्मं वजन सिलिकाचं, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचं. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल सिलिकॉनच आहे, वजनाने सुमारे 28 टक्के. शेजारच्या ज्वारीचं पान हाताला कापतं तेही यामुळेच: मुळं पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन ओढतात आणि ते पानाच्या कडांत सिलिका होऊन साठतं. ताटाला ताठपणा देण्यातही त्याचा वाटा असतो. कपाशी ते फारसं घेत नाही.

धूळ गेली की काच दिसते. तीही वाळू, सोडा आणि चुना वितळवून केलेली, म्हणजे मुख्यतः सिलिकाच.

काचेखालचे निळे-काळे चौकोन मात्र निव्वळ सिलिकॉनचे. निसर्गात ते असं सुटं जवळजवळ सापडतच नाही. ऑक्सिजनला घट्ट धरून असतं. बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाने ते 1824 मध्ये वेगळं केलं. आज विजेच्या भट्टीत गारगोटी आणि कोळसा सुमारे 2000 अंशांपर्यंत तापवतात. कोळशातला कार्बन ऑक्सिजन ओढून नेतो. मग सिलिकॉनचं वायुरूप संयुग करून ते शुद्ध करतात, त्यातून पुन्हा सिलिकॉन मिळवून स्फटिक वाढवतात आणि त्याच्या कागदासारख्या चकत्या कापतात. चकतीत बोरॉन आणि फॉस्फरस अगदी किंचित मिसळले, की प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन एका दिशेला वाहू लागतात. एका चकतीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून अनेक चकत्या एकीला एक जोडलेल्या असतात.

कडक ऊन म्हणजे जास्त पाणी, असा समज शेतावर ऐकू येतो. पण प्लेटेला प्रकाश हवा, उष्णता नको. तिची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते; त्यापुढे प्रत्येक अंशाला वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात प्लेट 60 अंशांच्या पुढे जाते, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक वीज तापण्यातच जाते. म्हणून प्लेटांखाली कडब्याच्या पेंढ्या रचू नयेत, वारा खेळता ठेवावा.

या मातीत सिलिकॉनची वाण कधीच नव्हती. मोल आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवून इतकं शुद्ध करण्याच्या खटाटोपाचं. तो खटाटोप धुळीच्या पातळ थराखाली वाया जाऊ नये, एवढ्यासाठी सकाळची दोन बादल्या पाण्याची मेहनत कधीही परवडते.